चार रंगांच्या तारा

आमच्या जुन्या घराची कौले उतरवायची, असे २०१९ च्या मे महिन्यात धाकट्या भावाने ठरवले. भिंतींना ओल धरली होती, आढ्याचे वासे वाळवीने पोखरले होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. त्याच्या निर्णयात खोट काढण्याजोगे काही नव्हते. धर्मग्रामातील कामांतून दोन दिवसांची सवड काढून मी गेलो. राखण्यासारखे असेल ते राखावे, एवढाच हेतू. पोटमाळ्यावरून तांब्याचा हंडा, आजीची लुगड्यांची पेटी, एक मोडका पाळणा असे एकेक खाली येत गेले. शेवटी भावाने गोणपाटात गुंडाळलेले एक ओझे माझ्या हाती दिले आणि तो म्हणाला, "दादा, हा तुझा रेडिओ."

तो माझा नव्हता. तो आजोबांचा होता. त्यांच्यामागून वडिलांचा झाला. माझा त्याच्याशी संबंध इतकाच, की १९९० सालच्या एका दुपारी मी त्याचा जीव घेतला होता आणि ही गोष्ट त्या घरात माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

त्याच दिवशी पत्र्याच्या एका डब्यात आणखी काही सापडले. वर घरपट्टीच्या पावत्या, त्यांच्याखाली पोस्टातून दरवर्षी नवा करून आणावा लागणारा रेडिओचा परवाना आणि अगदी तळाशी चार घड्या घातलेला एक पिवळट कागद. उलगडून पाहिला तर ती रेडिओसोबत आलेली माहितीपुस्तिका! चार पाने, इंग्रजीत छापलेली. दुसऱ्या पानावरील एक वाक्य कुणीतरी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केले होते. ते मी ओटीवर उभ्याउभ्याच वाचले आणि तिथेच पायरीवर बसलो.

हा रेडिओ आजोबांनी १९५८ साली घेतला. त्या वेळी आमच्या आळीत वीज नव्हती. वसईहून आगगाडीत बसले की मुंबईचा झगमगाट काही दूर नव्हता. परंतु दिवेलागणीला आमच्याकडे कंदीलच लागत. अशा घरात चालेल असा रेडिओ म्हणजे बॅटरीवरचा व्हॉल्व्ह रेडिओ. केळीच्या एका हंगामाचा पैसा आजोबांनी त्यात घातला आणि आजीने त्याबद्दल त्यांना पुढे कित्येक वर्षे ऐकवले.

ज्यांनी असा रेडिओ पाहिलेला नाही, अशा तरुण वाचकांसाठी येथे थोडे थांबले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे आतील हवा काढून घेतलेली काचेची कुपी. तिच्या मध्यभागी केसाहूनही बारीक तंतू ताणलेला असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि भोवतालची धातूची पट्टी त्यांना आपल्याकडे ओढून घेते. म्हणजे दोन निरनिराळी कामे झाली, तापवण्याचे आणि ओढण्याचे. तापवायला दीड व्होल्ट पुरतात. ओढायला मात्र नव्वद लागतात. म्हणून अशा रेडिओला दोन बॅटऱ्या. आमच्या घरात एकीला 'दीडाची' आणि दुसरीला 'नव्वदाची' म्हणत. नव्वदाची बॅटरी म्हणजे दीड व्होल्टचे साठ छोटे सेल एकापुढे एक जोडून केलेला विटेएवढा ठोकळा. ती महाग असे आणि उतरली की फेकून देण्यावाचून इलाज नसे. त्यामुळे आजोबांचा दंडक कडक होता. संध्याकाळची रोझरी झाली की बातम्या आणि बाजारभाव, बस्स. अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ पासून दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरून लागत असे. पण ती ऐकायची तर आजोबा ओटीवर नसावे लागत. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरूंच्या निधनाची बातमी आली, तेव्हा मात्र आमची पडवी माणसांनी भरून गेली आणि रेडिओ रात्रीपर्यंत चालू राहिला. दुसऱ्या दिवशी नव्वदाची बॅटरी बसली. आजोबांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही, असे घरात नेहमी सांगत.

पुढे आळीत वीज आली, ट्रान्झिस्टर आले, आणि नव्वदाची बॅटरी बाजारातून हळूहळू नाहीशी झाली. रेडिओ मूक झाला, मोडला नाही. हा भेद मला फार उशिरा उमगला.

१९९० साली मी सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो. तिथला ध्वनिवर्धक एकदोनदा दुरुस्त केल्यामुळे वीज म्हणजे काय ते आपल्याला कळले, असे मला वाटू लागले होते. (तत्त्वज्ञानाच्या पहिल्या दोन वर्षांत मनुष्याला असे वाटण्याचा विशेष धोका असतो.) उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो तेव्हा वडिलांनी रेडिओ माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता. "तू शिकलेला आहेस. बघ, बोलतो का," ते म्हणाले. गावातील एका मेकॅनिककडून मी एक घरगुती बनावटीचा एलिमिनेटर मागून आणला. घरातल्या विजेवर चालून तो नव्वद आणि दीड असे दोन्ही दाब देई. त्याच्यावर चार टोके होती. रेडिओतूनही चार तारा येत होत्या: तांबडी, काळी, पिवळी आणि हिरवी. त्यांच्या टोकाला मुळात चार खुंट्यांचा प्लग होता. त्याच्या खुंट्या अशा की तो उलटा बसूच शकत नसे. पण मधल्या काळात कुणीतरी तो कापून दुसऱ्या कामासाठी नेला होता.

वडील म्हणाले, "त्याचा कागद आहे कुठेतरी. आधी तो शोधू या."

"कागद कशाला? तांबडी म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण, हे कुणालाही कळते," मी म्हणालो.

वडील एरिअलची तार ताणायला अंगणात गेले. मी तांबडी आणि काळी तार नव्वदाच्या टोकांना लावली, पिवळी आणि हिरवी दीडाच्या. बटण फिरवले. धूर नाही, आवाज नाही. कुप्यांमध्ये क्षणभर एक पांढरी लकेर चमकली, इतकेच. वडील आत आले तोवर मी तारा सोडवून ठेवल्या होत्या. "आतून गेलेला आहे. जुना झाला," मी त्यांना सांगितले. ते काही वेळ रेडिओकडे पाहत उभे राहिले. मग "राहू दे" म्हणून त्यांनीच तो पुन्हा गोणपाटात बांधला.

पुस्तिकेतील अधोरेखित वाक्याचा आशय असा होता: तांबडी आणि काळी तार दीड व्होल्टच्या बॅटरीसाठी आहे, तिला नव्वद व्होल्टचा स्पर्श क्षणभर जरी झाला, तरी चारही व्हॉल्व्हचे तंतू एकाच वेळी जळतील.

वडील २००८ साली गेले. अठरा वर्षांत मी त्यांना खरे सांगितले नाही. कितीतरी वेळा सांगता आले असते.

रेडिओ मी धर्मगुरुनिवासात घेऊन आलो आणि रात्रीचे जेवण झाल्यावर रोज तासभर ती चार पाने घेऊन बसू लागलो. सेमिनरीत आम्हाला ग्रंथ कसा वाचावा हे शिकवले होते: शब्द कोणी, कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत लिहिला ते आधी पाहावे, आणि आपल्या मनातले त्यात घालू नये. रेडिओच्या कागदाला हा नियम लावण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते. पण त्या पत्रकाचा लेखक मोठा विचारी मनुष्य असला पाहिजे. विजेचे नावही नसलेल्या गावात, कंदिलाच्या उजेडात, कुणी शेतकरी हे जोडणार आहे, हे त्याने पक्के ध्यानात ठेवले होते.

शेवटच्या पानावर आतील जोडणीचा नकाशा होता. चार व्हॉल्व्ह: १आर५, १टी४, १एस५ आणि ३व्ही४. युरोपीय कारखान्यांत यांनाच डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ आणि डीएल९४ म्हणत. पहिल्या तिघांच्या तंतूंना प्रत्येकी ५० मिलीअँपिअर प्रवाह लागतो, शेवटच्याला १००, एकूण २५०. यासाठी हल्लीचा टॉर्चचा मोठा सेल चालतो. दोन सेल शेजारी ठेवून धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडले, तर दाब दीडच राहतो आणि आयुष्य वाढते. येथे 'थोडे जास्त दिले तर काय होईल?' हा प्रश्नच संभवत नाही. दोन सेल एकापुढे एक लावून तीन व्होल्ट दिले तरी तंतू आज ना उद्या जळणारच.

नकाशात मला आणखी एक गोष्ट दिसली. काळी आणि हिरवी या दोन्ही ऋण तारा आहेत. पण त्या एकत्र जोडायच्या नाहीत. दोहोंच्या मध्ये आतल्या बाजूला ३९० ओहमचा एक रेझिस्टन्स आहे. नव्वदाच्या बॅटरीचा सारा प्रवाह, म्हणजे सुमारे १२ मिलीअँपिअर, त्याच्यामधून परततो आणि त्याच्या दोन टोकांत साडेचार व्होल्टांच्या आसपास फरक पडतो. तेवढाच ऋण दाब शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीला लगाम म्हणून मिळतो. दोन ऋण तारा 'एकच तर आहेत' म्हणून कुणी बाहेर पिळून टाकल्या, तर लगाम सुटतो, आवाज फाटतो आणि नव्वदाची बॅटरी लवकर संपते. नकाशा नसता तर मी नेमके हेच केले असते. कारण ते सोयीचे दिसते.

आणि एक सूचना अशी, की ती वाचून मी कागद खाली ठेवला. नव्वदाच्या बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे काही जोडण्याआधी, ६० मिलीअँपिअरचा टॉर्चचा छोटा दिवा मालिकेत बसवावा. रेडिओला लागणारा प्रवाह त्यातून सहज जातो; पण कुठे चूक झाली, तर व्हॉल्व्हच्या आधी तो दिवा जातो. १९९० साली असा एक दिवा मध्ये असता, तर तेवढाच जळला असता.

व्हॉल्व्हच्या शोधात मुंबईला तीन फेऱ्या झाल्या. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने 'फादर, कुठल्या जमान्यात आहात?' अशा नजरेने पाहिले. तरी मागच्या फळीवरून त्याने एक खोके काढले, त्यात १टी४ आणि १एस५ निघाले. उरलेले दोन चोरबाजारात मिळाले, एका फुटक्या रेडिओच्या पोटात. विकत घेण्याआधी प्रत्येकाचा तंतू अखंड आहे की नाही, ते मीटर लावून पाहिले. काचेतून डोळ्यांनी ते समजत नाही. हे व्हॉल्व्ह चालू असतानाही त्यांची लाली अंधारातच काय ती दिसते.

व्हॉल्व्ह बसवले म्हणजे झाले, असे नाही. साठ वर्षांत कागदी कंडेन्सर ओल धरतात आणि गळू लागतात. त्यांपैकी एक फार घातकी असतो. १एस५ ची पट्टी आणि ३व्ही४ ची जाळी यांना जोडणारा. तो गळला की पट्टीवरचा धन दाब जाळीवर पोहोचतो, लगाम उलटतो आणि नव्याने आणलेला व्हॉल्व्ह स्वतःलाच खाऊ लागतो. मी तो बदलला. नव्वदाच्या बॅटरीला समांतर असलेला मोठा कंडेन्सरही बदलला, कारण तो गळत असला तर बॅटरी उगाच पितो. बाकीच्यांना हात लावला नाही. जुन्या वस्तूत जे बरे चालले आहे ते आपल्या हौसेखातर बदलू नये, असे माझे मत आहे. तज्ज्ञांचे वेगळे असू शकेल.

राहिला नव्वदाचा प्रश्न. बाजारात ती बॅटरी नाही. पण नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी कुठल्याही दुकानात मिळते आणि अशा दहा घेतल्या की नव्वद होतात. तिची दोन बटणे एक नर, एक मादी अशी असल्याने एकीचे धन दुसरीच्या ऋणात खटकन बसते; सोल्डर करावे लागत नाही. आपल्या रेडिओला १२ मिलीअँपिअर लागतात. चांगल्या अल्कलाइन बॅटरीची पुंजी ५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे हा संच चाळीस तासांच्या घरात चालावा. रोज अर्धा तास ऐकले तर अडीच महिने. आजोबांचा हिशेब याहून फारसा निराळा नसावा. मात्र नव्वद व्होल्टांना खेळणे समजू नये. उघड्या टोकांना ओला हात लागला तर चांगलाच झटका बसतो. मी सगळ्या बॅटऱ्या बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवल्या. पत्र्याचा डबा या कामी वापरू नये, हे सांगायला नको. ६० मिलीअँपिअरचा दिवा कुठे मिळाला नाही. त्याच्या जागी ६३ मिलीअँपिअरचा काचेचा फ्यूज घातला.

दहांच्या ऐवजी आधी पाचच लावल्या. पंचेचाळीस व्होल्टांवर असा रेडिओ क्षीणपणे का होईना, पण जिवंत असेल तर कुजबुजतो. डिसेंबर २०१९ मधली ती रात्र होती. पत्रकात सांगितल्याप्रमाणे एरिअलची तीस फूट तार दोन माडांच्या मध्ये ताणली होती आणि अर्थसाठी तांब्याची नळी बावखलाच्या काठी, जिथे माती बाराही महिने ओली असते, तिथे ठोकली होती. बटण फिरवले. काही नाही. सहावी जोडली. सातवी जोडली तेव्हा समुद्र दूर असताना यावी तशी खरखर आली. आठवीला त्या खरखरीतून माणसाचा आवाज वर आला. मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ. तिचे प्रक्षेपण खाडीपलीकडच्या मालाड-मालवणीहून होत असे, त्यामुळे ती सर्वांआधी सापडली यात नवल नाही. कार्यक्रम कसला होता ते मला आता आठवत नाही.

डायलवर मात्र 'मुंबई' दुसरीकडेच लिहिलेली होती. वाटले, सुईची दोरी सरकली असेल. पण दोष सुईचा नव्हता. नोव्हेंबर १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार युरोप, आफ्रिका आणि आशियातील मध्यमलहरींवरील केंद्रांच्या जागा नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने ठरवल्या गेल्या आणि तिथली बरीच केंद्रे थोडीफार सरकली. आमचा रेडिओ १९५८ सालच्या जगाचा नकाशा तोंडावर घेऊन बसला आहे. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यमलहरींचे अनेक प्रक्षेपक बंदही केले. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असा संच आहे त्यांनी फार काळ थांबू नये.

फादर रेडिओ दुरुस्त करतात, ही वार्ता मिस्साला येणाऱ्यांत पसरायला दोन रविवार पुरले. मग लोक आपापले संच घेऊन येऊ लागले. त्यांतल्या तिघांविषयी लिहितो, कारण तसे संच वाचकांच्या घरी असण्याचा संभव आहे.

पहिला विजेवर चालणारा, आत जड ट्रान्सफॉर्मर असलेला. मागच्या बाजूला एक छोटी चकती. तिच्यावर ११०, १२५, १४५, २००, २२०, २४५ असे आकडे. चकती १४५ वर होती. आपला पुरवठा २३० व्होल्टांचा. रात्री उशिरा तो त्याहूनही वर जातो. घरच्या मुलाने प्लग हातात घेतलेलाच होता! अशा संचाची चकती मी २४५ वर ठेवतो. आवाज किंचित कमी होतो, आयुष्य वाढते. शिवाय पहिल्यांदा वीज देताना ६० वॅटचा साधा तारेचा दिवा मालिकेत जोडतो. दिवा एकदा चमकून मंदावला तर ठीक. भरपूर उजेड देत राहिला, तर आत कुठेतरी घोटाळा आहे आणि लगेच बंद करावे.

दुसरा दिसायला हलका आणि सुबक. पण मला सर्वांत भीती वाटते ती याच जातीची. पूर्वी काही शहरांत एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज होती, काही ठिकाणी एसी. दोन्हींवर चालावा म्हणून हा 'एसी-डीसी' संच ट्रान्सफॉर्मरविना बनवत. पाच व्हॉल्व्हचे तंतू एकाच माळेत ओवलेले असतात. यूसीएच४२ ला १४ व्होल्ट, यूएफ४१ ला १२.६, यूबीसी४१ ला १४, यूएल४१ ला ४५ आणि यूवाय४१ ला ३१, बेरीज ११६.६. उरलेले ११३ व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जातात. प्रवाह १०० मिलीअँपिअर, म्हणजे अकरा वॅट नुसती ऊब. मागची भोके कपड्याने झाकू नयेत असे पुस्तिका सांगते ते यासाठी. आणि ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे आतला पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. दोन खुंट्यांचा प्लग उलटा बसला की त्या सांगाड्यावर पूर्ण २३० व्होल्ट! फिरवायची घुंडी निघाली असेल तर नुसत्या दांड्याला हात लावणेही जिवावर बेतू शकते. आमच्या रेडिओची पुस्तिका अर्थची तार जोडाच म्हणते. या जातीची पुस्तिका सांगाड्याला अर्थ मुळीच जोडू नका म्हणते. एकाचा नियम दुसऱ्याला लावला तर अनर्थ. तो संच मी न उघडता परत केला आणि त्या बाईंना म्हणालो, "शोभेसाठी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा." त्या रागावून गेल्या. अजूनही त्या बोलताना थोड्या तुटकच असतात; पण माझे म्हणणे मी बदलणार नाही.

तिसरा ट्रान्झिस्टर, सेल आतच फुटून हिरवा झालेला. व्हिनेगरच्या बोळ्याने स्प्रिंगा पुसल्या, कोरड्या केल्या, झाले. एवढेच लक्षात ठेवावे की सुरुवातीच्या कित्येक ट्रान्झिस्टरांत धन टोक सांगाड्याला असे. हल्लीचा अडॅप्टर डोळे मिटून त्यांना लावू नये. झाकणाच्या आत चिकटवलेला कागद पाहावा.

आत्याकडे जायचे मी पुढे ढकलत होतो. ती वडिलांची धाकटी बहीण, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची. रेडिओ बोलू लागल्याचे तिला कळले होते आणि दोनदा निरोप आला होता. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या आदल्या महिन्यात, मी रेडिओ, बिस्किटांचे खोके आणि तारेचे भेंडोळे घेऊन तिच्याकडे गेलो.

मी तारा हातात घेतल्या. चष्मा पुसून ती जवळ सरकली आणि लहान मुलीने पाढा म्हणावा तशी म्हणाली, "तांबडी-काळी दीडाची, पिवळी-हिरवी नव्वदाची."

मी विचारले, "हे तुला कुणी सांगितले?"

"बाबांनी. नवीन बॅटरी आली की आम्हा दोघांना समोर उभे करून म्हणायला लावीत. इंग्रजी कागद त्यांना कुठे वाचता येत होता? तुझ्या वडिलांनी शाळेत मास्तरांकडून अर्थ लावून आणला होता. त्याला तर झोपेत विचारले असते तरी सांगितले असते."

मला काही सुचेना. त्या दुपारी वडील अंगणातून आत आले, तेव्हा मी तारा सोडवल्या होत्या. पण एलिमिनेटरच्या नव्वदाच्या टोकांवर काही उरले होते का? तांबड्या तारेचा एखादा धागा? मी ते तेव्हा पाहिले नव्हते.

मी रेडिओ लावला. खोलीत आवाज भरला. आत्या मान हलवीत ऐकत राहिली. एक गाणे संपले तेव्हा मी तिला १९९० ची सगळी हकीगत सांगितली, मी काय जोडले आणि काय बोललो तेही. उभ्या आयुष्यात मी हजारो माणसांचे असले बोलणे ऐकले आहे. स्वतः बोलताना शब्द किती आखूड पडतात ते त्या दिवशी कळले.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस? त्याला सांगायचे होतेस."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. बाहेर कुणीतरी पंपाने वाडीला पाणी सोडले होते, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ती उठली, चहा टाकायला आत जाता जाता रेडिओपाशी थांबली आणि घुंडी फिरवून तिने आवाज कमी केला.

"बाबा एवढा मोठा लावू देत नसत," ती म्हणाली. "आता बंद कर. बॅटरी उतरेल."

मी बटण बंद केले. मग पत्रकात लिहिलेल्या क्रमाने आधी पिवळी सोडवली, मग हिरवी, आणि शेवटी तांबडी-काळी.